वाटीत काय उरते, ते पाहावे

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो. दोन वर्षांपूर्वी मुलाने सन कॉन्युअर जातीचा पोपट आणला. त्याच्या पिवळ्या-केशरी रंगावरून आम्ही त्याचे नाव सोन्या ठेवले. सकाळी दुकानातून आणलेले मिश्र बियाणे त्याला वाटीभर घालतो. सासरे जेवायला बसले की तो त्यांच्या ताटापाशी येऊन बसतो, मग भाकरीचा तुकडा, शेंगाची चटणी, आठ-दहा शेंगदाणे आणि संध्याकाळी चहात बुडवलेले बिस्कीट असे सगळेच त्याला मिळते. गेल्या दोन महिन्यांत त्याचा रंग फिका वाटू लागला आहे, तो अधूनमधून शिंकतो आणि चोचही लांबल्यासारखी दिसते. वजन १३८ ग्रॅम भरले. मुलाने पेलेट, म्हणजे पोपटांसाठीच्या तयार खाद्यगोळ्या, आणले, पण सोन्या ते उचलून खाली टाकतो. सासरे म्हणतात की त्यांच्या गावच्या घरातला राघू हरभऱ्याची डाळ, मिरची आणि पेरू खाऊन वीस वर्षे जगला, मग ही विकतची थेरे कशाला? संतुलित आहार म्हणजे नेमके काय द्यावे? आणि त्याला सोबत म्हणून एखादा राघू आणावा का?
— एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण आहाराविषयी विचारले आहे, परंतु शिंका, फिका रंग आणि वाढलेली चोच ही तीन लक्षणे एकाच पत्रात आली आहेत, म्हणून आधी सोन्याला पक्ष्यांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडे न्यावे आणि खाण्यातील बदल त्यानंतर सुरू करावा. अ जीवनसत्त्व कमी पडले तर पोपटाच्या नाकातील आणि तोंडातील नाजूक अस्तर जाड व कोरडे होते आणि शिंका, नाक वाहणे, डोळ्यांभोवती सूज असे त्रास सुरू होतात. चोच अवाजवी वाढण्यामागे यकृतात साठलेली चरबी असू शकते. ही दोन्ही कारणे आपण वर्णन केलेल्या खाण्याशी जुळतात. तरीही शिंका संसर्गाच्याही असू शकतात, आणि पोपटांचे काही संसर्ग माणसांनाही होतात. घरात वयस्कर सासरे आहेत, हे लक्षात घेता केवळ पत्रावरून निदान करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही.

आता वाटीकडे वळू. सोन्याला मिश्र बियाणे घालतो, असे आपण लिहिले आहे. पण सोन्या मिश्र बियाणे खातो का, हे एकदा तपासून पाहावे. आज संध्याकाळी त्याची वाटी वर्तमानपत्रावर उपडी करा, हलकी फुंकर मारून टरफले उडवून लावा आणि खाली काय उरले ते निवडून पाहा. माझा अंदाज असा की राळे, ज्वारी आणि बाजरी जवळपास तशीच सापडेल, आणि सूर्यफुलाचे बी मात्र औषधालाही उरलेले नसेल. पोपट हा निवडून खाणारा पक्षी आहे. दहा प्रकारचे दाणे समोर ठेवले तरी तो त्यांतील सर्वांत तेलकट दोन प्रकार आधी संपवतो आणि पोट भरले की थांबतो. पाकिटावर छापलेले प्रमाण हे पाकिटाचे असते, पक्ष्याच्या पोटाचे नसते. याच वाटीचा आणखी एक फसवा प्रकार आहे. सोललेली टरफले वरच साचून राहतात, वाटी भरलेली दिसते, घरचे निर्धास्त राहतात आणि पक्षी मात्र उपाशी असतो. म्हणून टरफले रोज काढून टाकावीत.

तेलबिया वाईट आहेत असे नाही, पण पिंजऱ्यातील आयुष्याला त्या जड पडतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे ४८ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात, ज्वारीत ते जेमतेम दोन-तीन ग्रॅम भरतात. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातील रानात फळे, फुले आणि बिया शोधत दिवसभर उडणारा सन कॉन्युअर ती चरबी जाळून टाकतो. जुळे सोलापुरातल्या दिवाणखान्यात तिजोरीवरून पडद्यावर आणि पडद्यावरून सासऱ्यांच्या खांद्यावर जाणारा सोन्या ती कुठे जाळणार? त्यात हिशोब असा की आठ-दहा शेंगदाणे म्हणजे चार-पाच ग्रॅम, आणि एवढ्या पक्ष्याचा दिवसाचा कोरडा खुराकच साधारण १५ ते २० ग्रॅम असतो. म्हणजे खुराकाचा पाव हिस्सा एकट्या शेंगदाण्यांनी अडवला. दुसरी अडचण खनिजांची आहे. सूर्यफुलाच्या बियांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस सुमारे आठपट असतो, तर पक्ष्याला कॅल्शियम फॉस्फरसहून अधिक मिळणे हिताचे असते. हे उलटे प्रमाण वर्षानुवर्षे चालू राहिले की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेते. शिवाय या बियांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. आपल्या भागातील करडई सूर्यफुलापेक्षा थोडी बरी, परंतु तीही शेवटी तेलबीच आहे.

सासऱ्यांच्या राघूबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यांचे म्हणणे मला सहज मोडीत काढावेसे वाटत नाही. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मिरची आणि पेरू हा आहार अपुरा होता हे खरे, पण आज दुकानात मिळणाऱ्या सूर्यफूलभरल्या पाकिटापेक्षा तो पुष्कळ बरा होता. त्यात तेल कमी होते, डाळीची प्रथिने होती, आणि ताजी मिरची व पेरू रोज मिळत होते. मिरचीने पोपटाचे तोंड भाजत नाही, कारण तिखटपणाची जाणीव करून देणारे जे द्रव्य आपल्याला झोंबते, ते पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जाणवतच नाही. पिकलेली लाल मिरची तर अ जीवनसत्त्वाच्या दृष्टीने चांगलीच. तेव्हा मिरची सोन्यालाही जरूर द्यावी. फक्त राघू वीस वर्षे जगला यावरून आहार परिपूर्ण होता असे म्हणता येत नाही. पोपट पंचवीस-तीस वर्षेही जगू शकतो, आणि जे राघू पाच-सहा वर्षांत गेले त्यांच्या गोष्टी कोणी जेवताना सांगत नाही.

पेलेट म्हणजे धान्ये, डाळी, खनिजे आणि जीवनसत्त्वे एकत्र दळून केलेल्या गोळ्या. त्यांची खरी उपयुक्तता अशी की प्रत्येक घासात तेच घटक असतात, त्यामुळे पोपटाला हवे ते निवडून नको ते टाकता येत नाही. सोन्यासारख्या पक्ष्याच्या खाण्यात सुमारे साठ टक्के पेलेट, पंचवीस ते तीस टक्के भाज्या, आणि उरलेल्या जागेत फळ, साधे धान्य व एखाद-दुसरी तेलबी, असे प्रमाण धरून चालावे. कृत्रिम रंग नसलेले, लहान आकाराचे पेलेट घ्यावेत आणि मोठे पोते स्वस्त पडते म्हणून आणू नये, कारण उघडलेले पोते उन्हाळ्यात लवकर खवट होते. पेलेट पुरेसे खाणाऱ्या पक्ष्याला वरून जीवनसत्त्वांचे थेंब देऊ नयेत, कारण अ आणि ड ही जीवनसत्त्वे प्रमाणाबाहेर गेली तर अपाय करतात. पिण्याच्या पाण्यात औषधी थेंब टाकण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. पाण्याची चव बदलल्याने पक्षी कमी पाणी पितो, आणि वाटीच्या कडांना बुळबुळीत थर धरतो.

भाज्यांसाठी आपल्याला मंडईपलीकडे कुठे जावे लागणार नाही. ज्या भाजीचा रंग गडद हिरवा किंवा गडद केशरी, ती सोन्यासाठी पहिली, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. शेवग्याचा कोवळा पाला मी सर्वांत वर ठेवीन. आपल्याकडे शेवग्याच्या शेंगा आमटीत जातात आणि पाला बहुधा वाया जातो, वास्तविक कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व देणारे द्रव्य या दोन्ही बाबतींत हा पाला फार समृद्ध आहे. त्याखेरीज मेथी, कोथिंबीर, गाजर, लाल भोपळा, उकडलेले रताळे, ढोबळी मिरची, कोवळी गवार आणि मक्याचे कणीस आलटून पालटून द्यावे. पालक अधूनमधून चालेल, रोज नको, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. अळूचे कच्चे पान मुळीच देऊ नये. मोड आलेले मूग आणि मटकी उत्तम, मात्र ते तीन-चार पाण्यांनी धुऊन सकाळीच द्यावेत, आणि त्यांना आंबूस वास येऊ लागला तर टाकून द्यावेत. हरभरा आणि इतर कडक कडधान्ये शिजवून देणे अधिक चांगले. कच्चा राजमा विषारी असतो.

ज्वारीबद्दल सोलापूरकराला सांगणे म्हणजे धाडसच, पण एक गोष्ट सांगायला हवी. ज्वारीचा दाणा, शिजवलेल्या कण्या, पौष-माघात मिळणारा बिनमिठाचा हुरडा, हे सर्व सोन्याला देता येईल. कणीसच टांगले तर दाणे सोलण्यात त्याचा तासभर जाईल आणि तेवढा वेळ पडद्यांना विश्रांती मिळेल. मात्र ज्वारीला मोड आणून देऊ नये. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते हे गावाकडे सर्वांना ठाऊक असते, आणि ज्या द्रव्यातून ते विष तयार होते तेच ज्वारीच्या मोडांतही असते. राळ्याची कणसे मिळाली तर तीही द्यावीत, पण ती बक्षीस म्हणून ठेवलेली बरी, पुढे शिकवण्याच्या कामाला येतील.

फळे गोड असतात म्हणून ती थोडी, म्हणजे दिवसाला आपल्या अंगठ्याच्या पेराएवढ्या दोन-तीन फोडी. पपई आणि पिकलेला आंबा अ जीवनसत्त्वासाठी, पेरू आवडीसाठी, आणि डाळिंब तर आपल्या जिल्ह्याचेच आहे. दाणे सोलून खाण्यात पोपट रमतो, फक्त पिंजऱ्याखाली आणि भिंतीवर लाल शिंतोडे उडतील, ते सोसावेत. द्राक्षे आणि डाळिंबे यांच्यावर फवारण्या भरपूर झालेल्या असतात, म्हणून ती मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून नंतर साध्या पाण्याने चोळून धुवावीत. सफरचंदाच्या बिया काढून टाकाव्यात. फळे-भाज्या वाढल्या की विष्ठेबरोबर पाण्याचे प्रमाण वाढलेले दिसेल, त्याला जुलाब समजून घाबरू नये आणि हिरवे खाणे बंद करू नये.

आता मुख्य अडचण, म्हणजे सोन्या पेलेट फेकून देतो ही. तो हट्टी आहे असे नव्हे, त्याच्या लेखी ते अन्नच नाही. ज्याने आयुष्यभर बियाच पाहिल्या, त्याच्या दृष्टीने ती गोळी म्हणजे खडा. म्हणून एके दिवशी बियाणे बंद करून पेलेट ठेवले आणि ‘भूक लागली की खाईल’ म्हणून वाट पाहिली, असे कृपया करू नये. एवढासा पक्षी एक-दोन दिवस उपाशी राहिला तरी त्याच्या जिवावर बेतू शकते, आणि यकृतात आधीच चरबी असेल तर धोका अधिकच. बदलाला सहा ते आठ आठवडे, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ द्यावा.

त्यासाठी आधी एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा घ्यावा. सकाळची पहिली विष्ठा झाल्यावर आणि काही खाण्यापूर्वी सोन्याला परडीत बसवून वजन करावे व ते वहीत लिहावे. सन कॉन्युअरचे वजन साधारणपणे १०० ते १३० ग्रॅमच्या दरम्यान असते, म्हणून १३८ हा आकडा लठ्ठपणाकडे झुकणारा वाटतो, तरी छातीचे मधले हाड चाचपून पशुवैद्यक जे सांगतील ते खरे मानावे. वजन हळूहळू, आठवड्याला दोन-तीन ग्रॅमने उतरले तर चांगलेच आहे. पण सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्के, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम, अल्पावधीत उतरले, किंवा विष्ठा अगदी थोडी आणि गडद हिरवी होऊ लागली, तर लगेच आधीचे खाणे पूर्ववत द्यावे आणि डॉक्टरांना विचारावे.

पहिल्या आठवड्यात खाण्याचे पदार्थ न बदलता केवळ वेळ बदलावी. दिवसभर भरलेली वाटी काढून सकाळी आणि संध्याकाळी असे दोनदाच, अर्धा-पाऊण तास बियाणे द्यावे, म्हणजे त्याला खऱ्या भुकेची ओळख होईल. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी उठल्याबरोबर, भूक सर्वांत कडक असताना, आधी भाज्या व पेलेट आणि तासाभराने बियाणे, असा क्रम ठेवावा. पेलेटचा भुगा करून तो ओलसर मक्याच्या दाण्यांवर, उकडलेल्या रताळ्यावर किंवा बिनमिठाच्या मऊ भाकरीच्या कुसकऱ्यावर भुरभुरावा, डाळिंबाच्या रसाचे दोन थेंब शिंपडले तरी चालेल. भाजी बारीक चिरून वाटीत ठेवण्यापेक्षा कोथिंबिरीची ओली जुडी पिंजऱ्याला टांगावी. अनेक पोपट आधी त्या ओल्या पानांत अंघोळ करतात आणि अंघोळ करता करता खाऊ लागतात. आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे आपण स्वतः त्याच्यासमोर गाजर चावून खावे, चांगला आवाज करून. पोपट थव्यात जेवणारा पक्षी आहे, थव्यातील मोठे जे खातात ते अन्न, असा त्याचा हिशोब असतो. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने तीन आठवडे सर्व उपाय केले, पण पक्ष्याने पेलेटला तोंड लावले ते आजोबांनी ताटात पेलेट ठेवून तोंडात टाकल्याचे सोंग केले तेव्हा.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा वेगळा विचार करावा लागेल. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा चिरलेली भाजी, मोड, शिजवलेले धान्य तासाभरातच उतरते. थंडीत दोन-तीन तास ठेवले तरी चालणारे ओले खाणे उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत देऊन आठपर्यंत उचलावे. नळाला रोज पाणी येत नसल्याने आपल्याकडे साठवलेलेच पाणी वापरावे लागते. सोन्यालाही आपण पितो तेच गाळलेले स्वच्छ पाणी द्यावे, दिवसातून दोनदा बदलावे आणि वाट्या स्टीलच्याच ठेवाव्यात, कारण जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यांतील जस्त पक्ष्याला बाधते. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी ड जीवनसत्त्व हवे आणि त्यासाठी ऊन हवे, पण ते काचेतून आलेले नव्हे. सकाळचे कोवळे ऊन वीस मिनिटे, पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर सावली ठेवून, पुरेसे आहे. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेसाचा एक तुकडा अडकवून ठेवावा आणि आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा, घरात चालत असल्यास, द्यावा. पाळीव पक्ष्यांना वाळू किंवा खडे खायला घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. पोपट बी सोलून खातो, त्याला ते दळण्यासाठी खड्यांची गरज नसते.

ताटातील काही गोष्टी मात्र आजपासूनच थांबवाव्या लागतील. शेंगाची चटणी मिरचीमुळे नव्हे, तर मिठामुळे आणि लसणामुळे वर्ज्य आहे, कारण कांदा आणि लसूण पक्ष्यांच्या रक्तातील तांबड्या पेशींना हानी पोहोचवतात. चहा-कॉफी, चॉकलेट आणि मद्य यांचा थेंबही नको. चहातील बिस्किटात तर साखर, मैदा, मीठ आणि चहा हे सर्व एकदमच जाते. दुधात कुस्करलेली भाकरी लाडाची वाटली तरी दुधातील साखर पचवण्याची सोय पक्ष्यांच्या आतड्यांत नसते. हल्ली बाजारात दिसू लागलेले ॲव्होकॅडो हे फळ पोपटांना मारक आहे. शेंगदाणा द्यायचाच तर एक किंवा दोन, ताजा, भाजलेला, बिनमिठाचा आणि आपण स्वतः फोडून पाहिलेला असावा, कारण दमट जागी ठेवलेल्या शेंगांवरील बुरशीतून तयार होणारे विष थेट यकृतावर घाला घालते. आणि हे खाण्याचे नसले तरी स्वयंपाकघराचेच आहे म्हणून लिहितो : न चिकटणारा तवा रिकामा तापला तर त्यातून निघणारी वाफ पोपटाला काही मिनिटांत मारू शकते, तेव्हा सोन्याचा पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा.

सोबतीला राघू आणू नये. आपल्याकडील राघू वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत, त्यांना पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. सन कॉन्युअर परदेशी असला तरी २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, ती केली नसल्यास मुलाला आधी तेवढे काम करायला सांगावे.

राहिले सासरे. त्यांच्या ताटापाशी बसणे सोन्यासाठी खाण्यापेक्षा सोबतीचे आहे, म्हणून ते बंद करू नये. भाकरी थापताना एक लिंबाएवढा गोळा मीठ न घालता वेगळा काढावा आणि त्याची भाकरी सासऱ्यांच्या ताटात चटणी वाढण्यापूर्वी ठेवावी. तिचा एक तुकडा, शेजारी गाजराची चकती आणि लाल मिरचीचे एक टोक, एवढे ते त्याला हाताने भरवू शकतील. सकाळी वजन करून वहीत लिहिण्याचे कामही त्यांच्याकडेच सोपवावे. महिनाभराची वही, आणि एका संध्याकाळी वाटीत उरलेल्या दाण्यांचे छायाचित्र, ही दोन्ही डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यावीत.